ताईच्या वाट्याचा भात

२० नोव्हेंबर १९८३

ताई,

पत्राच्या पहिल्या ओळीत ‘तू बरी असशीलच’ असं लिहायची रीत आहे. आज ती मोडते, कारण तू बरी आहेस की नाही हेच मला विचारायचं आहे. एक ओळ लिही, स्वतःच्या हाताने. ‘मी जिवंत आहे आणि जेवते आहे,’ एवढंच. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर वाचू नकोस, पण ती ओळ लिहून टपालात टाक.

आईने जेवण सोडलं आहे. तुझी ओळ येईपर्यंत घास घेणार नाही म्हणते.

तुझं शेवटचं पत्र नेमकं बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी पोचलं. टपालवाल्याला दुसरा मुहूर्त मिळाला नाही. मी बाबांच्या पानासाठी मासे तळत होते, आईने हात पुसायला लावून मोठ्याने वाचायला सांगितलं. तिकडे थंडी लवकर पडली, हॉस्पिटलातली नोकरी सोडली, राहती जागाही सोडायचा विचार आहे, असलं काहीबाही तू लिहिलं होतंस. आणि शेवटी, ‘आता माझ्यासाठी भात ठेवत जाऊ नका.’

मी ते वाक्य गिळायला हवं होतं. पण वाचण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं.

ताई, चौदा वर्षं झाली तुला कोरिया सोडून जर्मनीला जाऊन. तू गेलीस त्या दिवसापासून आई भांड्यातला पहिला भात तुझ्या काशाच्या वाडग्यात काढते, झाकण लावते आणि चुलीची धग जमिनीखालून खोलीत येते त्या गरम बाजूला रजईखाली ठेवते. घरचं माणूस परमुलखात उपाशी राहू नये म्हणून सगळ्याच आया ठेवतात. पण बाकीच्यांची माणसं सणासुदीला येऊन तो भात खातात तरी. तुझा भात दुसऱ्या दिवशी मी खाते. घरातली सगळ्यात उबदार जागा तुझ्या वाडग्याची, आणि मी दाराकडच्या गार टोकाला अंग चोरून झोपते. इतक्या वर्षांत हे कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण मला तुझा राग आला आहे आणि तो लपवायची मला आता हौस नाही.

संध्याकाळी काका आले, बाबांचं पान मांडलं. काका धूप लावणार तेवढ्यात आई उठली, रजईखालून तुझा वाडगा काढला, बाबांच्या वाडग्याशेजारी ठेवला, झाकण काढलं आणि मेलेल्यांसाठी रोवतात तसा भातात चमचा उभा रोवला.

काकांनी धूप खाली ठेवला. म्हणाले, “वहिनी, जित्या माणसाचं पान आहे ते.”

“तिला भात नको झालाय,” आई म्हणाली. “ज्यांना भात नको, त्यांची पंगत हीच. वास घेऊन उठेल.”

मग काय करणार? दार किलकिलं ठेवून मेलेल्यांना जेवायला एकटं सोडलं, सगळे बाहेर पडवीत उभे राहिलो, काका रीतीप्रमाणे तीनदा खोकले आणि आम्ही आत आलो. दोन्ही चमचे तसेच उभे होते.

सकाळी आईचा राग उतरला आणि तोंडचं पाणी पळालं. तुझा वाडगा तिने राखेने घासघासून धुतला, त्यात ताजा भात भरला, झाकण लावून जागेवर ठेवला आणि स्वतःचा वाडगा फळीवर पालथा घातला. म्हणाली, “माझ्या हाताने मी जिवंत पोरीला मेलेल्यांत बसवलं. तिचं पान तिकडून उचलायचं तर माझं इथून उचलायला हवं.”

पाणी पिते, मिठाचा खडा चोखते. पहिले दोन दिवस डोकं धरून बसायची, माझ्यावर खेकसायची, हात थरथरायचे. चौथ्या दिवसापासून भूकच लागत नाही म्हणते. खुशीत आहे, जुनी गाणी गुणगुणते. मला तिचं खेकसणं परवडलं. दारात कोणी आलं की नेहमीसारखं विचारते, “जेवलात का?”

ओळ लिही, ताई.

दोक्सुन


२९ नोव्हेंबर

ताई,

तुझी ओळ आली नाही. टपाल पोचायला वेळ लागतो हे मलाही कळतं, म्हणून अजून तुला शिव्या देत नाही.

गेल्या आठवड्यात खोलीत खरबुजाचा वास यायला लागला. पिवळं, पिकून देठ सुटलेलं खरबूज असतं ना, तसा. या दिवसांत! मी कपाटं उघडली, रजया झटकल्या, कोनाड्यात डोकं घालून पाहिलं. शेजारची चुनयांगवाली काकू आली तीही नाक वर करून म्हणाली, “काय गं मायलेकी, खरबूज लपवून खाता काय?” मग मी आईची वेणी घालायला बसले, तिने वळून काहीतरी विचारलं, आणि तो वास सरळ माझ्या तोंडावर आला. वास तिच्या श्वासाला होता.

सरकारी दवाखान्यात या वर्षी प्यो नावाचा नवा डॉक्टर आला आहे. तेगू शहरातला पोरगा, गरम खोलीत शिरला की चष्म्यावर धुकं धरतं आणि तो आंधळ्यासारखा चाचपडत बसतो. त्याला घेऊन आले. त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले, वास घेतला आणि वास घेतल्यावर मान हलवली. आईने त्याला विचारलं, “जेवलास का रे बाळा?” बिचारा हो म्हणाला आणि लाजला.

बाहेर आल्यावर त्याने मला समजावलं. तू नर्स, तुला हे सगळं पाठ असेल, पण मला नवीन होतं. म्हणाला, माणूस जेवायचा थांबला की शरीर आधी यकृतातली साखर वापरतं. ती जेमतेम एक दिवस पुरते. मेंदू हट्टी, त्याला साखरच लागते, म्हणून मग दोन-तीन दिवस शरीर आपलंच मांस थोडं थोडं मोडून त्याला साखर करून घालतं. पण असं फार दिवस चालू शकत नाही. मग यकृत चरबी वितळवून त्यातून वेगळंच काहीतरी बनवतं, आणि उपाशी मेंदू मुकाट्याने ते खायला शिकतो. खरबुजाचा वास त्याचा. एकदा ती सवय लागली की भूक बसते, मन हलकं होतं. “आजी खुशीत आहेत त्या म्हणून,” तो म्हणाला.

म्हणजे आपल्या चुलीसारखंच झालं. आधी पेंढा, तो भुर्रकन जातो. मग काटक्या. मग पाइनचे ओंडके, ते संथ जळतात आणि घरभर वास सोडतात. आई आता ओंडक्यांवर आली आहे.

मी विचारलं किती दिवस. तो म्हणाला, चरबी आहे तोवर. आधी अंगाने कशा होत्या? मी म्हटलं, दोन माणसांच्या होत्या. चुनयांगवाली तिला पिंप म्हणायची. त्याने चष्मा पुसला आणि आंदोंगच्या मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाला. आईला सांगितलं तर ती दाराची चौकट धरून बसली. साठी उलटलेली बाई, पण बोटं सुटेनात.

एक गोष्ट डॉक्टरला सांगितली नाही, तुला सांगते. रविवारी नेहमीप्रमाणे तुझा आदल्या दिवसाचा भात खायला घेतला. चव नव्हती. शिळा लागत होता असं नाही, आंबलाही नव्हता. ओला कागद चावल्यासारखं वाटलं. सर्दी झाली असेल म्हणून किमची तोंडात घातली, तर नाकाला झोंबली. आपल्या कुत्र्याला भात घातला, त्याने हुंगला, कान पाडले आणि मागे सरकत सरकत ओट्याखाली जाऊन बसला. काल तेच, आज तेच. भांड्यातल्या भाताला चव आहे, एकाच वेळी शिजलेल्या तुझ्या वाडग्यातल्या भाताला नाही.

शनिवारी संध्याकाळी आईने मला विचारलं होतं, नवा साबण आणलास का म्हणून. मी आणला नव्हता.

श्राद्धाच्या पानावरच्या अन्नाची चव कशाने जाते हे आपल्या घरात तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते इथे लिहिणार नाही. तू फक्त ओळ पाठव.

दोक्सुन


८ डिसेंबर

ताई,

आज तुला एक लबाडी सांगायची आहे, कारण ती तुझ्या नावावर केली आहे.

तुझी जुनी पत्रं समोर ठेवून मी तुझं अक्षर गिरवलं. तुझा ‘र’ कसा शेवटी घसरतो तोही घसरवला. लिहिलं, ‘आई, मी बरी आहे. नवीन घर मोठं आहे. रोज तीन वेळा जेवते, कोबी मिळतो, किमची करते. तू जेव.’ खाली तुझं नाव, सुनिम. पाकीट तुझंच, जुनं. टपालवाल्याला दोन सफरचंदं देऊन दारातून हाक मारायला लावली. इतकी तयारी मी स्वतःचं लग्न ठरवतानाही केली नव्हती, म्हणून तर ते मोडलं.

आई आता भिंतीला टेकूनच बसते. चेहऱ्याची हाडं वर आली आहेत, डोळे मात्र लहान मुलीसारखे चकचकीत. मी पत्र वाचून दाखवलं. तिने ऐकलं, हसली. मग हात पुढे केला, कागद नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

जेवण सुटल्यापासून तिचं नाक भलतंच तिखट झालं आहे. कोणाच्या घरी सोयाबीन उकडताहेत, काकांच्या गोठ्यातली गाय कधी विणार, सगळं बसल्या जागी सांगते.

“या कागदाला आपल्या जमिनीचा वास येतो,” ती म्हणाली. “धूर, आणि भुईवर चिकटवलेल्या कागदाचं तेल. तू पालथी पडून लिहिलंस ना? सुनिमच्या पत्राला साबणाचा वास येतो.”

मला रडू कोसळलं. तिने मला जवळ घेतलं, आणि ताई, मी दचकून मागे झाले. तिचे हात बर्फासारखे, गाल गार, पण पोटाशी काहीतरी तापलेलं होतं. तिचं पोलकं बाजूला केलं तर आत तुझा वाडगा. उघड्या पोटावर धरलेला, वरून पट्ट्याने बांधलेला. त्वचेवर लाल गोल उमटला होता.

चूल विझली, जमीन गार पडली की तुझा भात गार होऊ नये म्हणून ती तो पोटाशी घेते. उपवासाच्या पहिल्या दिवसापासून. मी वाडग्याला हात लावला. कोमट नव्हता गं, नुकताच चुलीवरून उतरवल्यासारखा होता. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. तिच्या हाडामासात एवढी ऊब उरलेली नाही. प्यो डॉक्टर म्हणतो तिची नाडी मंद झाली आहे, शरीर एकेक खोली बंद करून विस्तव वाचवतंय. वाचवून ते कुठे नेतंय हे त्याला मी काय सांगू? तुझा भात आईच्या चरबीवर गरम राहतो आहे.

मी जरा जोरातच म्हटलं, “मी उपाशी मेले तर माझ्यासाठी कोण काय पोटाला बांधणार?”

आईला नवल वाटलं. म्हणाली, “तू तर इथेच असतेस.”

खरंच आहे, मी इथेच असते. चौदा वर्षं इथेच आहे.

दोक्सुन


१७ डिसेंबर

ताई,

श्राद्धानंतर मी तुला पाठवलेलं पहिलं पत्र आज परत आलं. वर जर्मनमध्ये शिक्का आहे. प्यो डॉक्टर कॉलेजात थोडी जर्मन शिकला होता. त्याने शिक्का दोनदा वाचला आणि म्हणाला, या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही. नवा पत्ता दिलेला नाही. तो माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होता.

आईच्या श्वासाचा खरबुजाचा वास कमी झाला आहे. मला बरं वाटलं, तर डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. लाकडं संपत आली, असं मीच त्याला माझ्या भाषेत विचारलं. तो हो म्हणाला. मग काय जळतं? घराचे वासे. दंडाचं मांस, मांडीचं मांस, आणि हृदय हेही मांसच आहे. एका दिवशी तोही वासा जातो.

त्याने मला आणखी एक बजावलं. आता आजींनी जेवायचं ठरवलं तरी एकदम वाडगाभर भात देऊ नका. इतके दिवस विझत आलेल्या शरीरात एकदम अन्न ढकललं की रक्तातले क्षार गोंधळतात आणि हृदय बंद पडतं. उपाशी राहून वाचलेली माणसं पहिल्या जेवणाने मरतात. आधी पाण्यासारखी पेज, तीही चमच्याने. मुळ्याच्या लोणच्याचं पाणी चालेल. मी हे सगळं घोकून ठेवलं आहे. पेज मागणारं माणूस तेवढं मिळायचं आहे.

दिवसा ती झोपते. जागी असते तेव्हा चुलीकडच्या बाजूला, तुझ्या जागेकडे तोंड करून हळू आवाजात बोलते. मी आत गेले की थांबते आणि हसते. परवा मी रागावून विचारलं, कोणाशी बोलतेस? म्हणाली, “साबणाचा वास येतोय, तुला नाही येत?” आणि खरं सांगते, मलाही आला. परदेशी पत्रांचा येतो तो, थंड, फुलांचा.

कालपासून एक खूळ डोक्यात घेतलं आहे. पाच दिवसांवर सर्वांत लहान दिवस आला. गावभर लाल चवळीची पेज शिजेल, दाराला शिंपडली जाईल, की भुताखेतांनी आत पाय टाकू नये. आईने मला हात जोडून सांगितलं, “या वर्षी आपल्या दाराला लाल काही लावू नकोस. कोणी यायचं असलं तर उंबऱ्यातून परत जाईल.”

कोण यायचं आहे, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटते, ताई. तुझी नाही, पण तू ज्या रीतीने येशील त्याची वाटते.

म्हणून परवा मी सोलला जाते. तू पत्रांत ओ क्यूमजाचं नाव लिहायचीस, तुझ्याच विमानाने गेलेली, तीन वर्षांपूर्वी परत आली. कुठल्या बाजारात तिचं लोकरीचं दुकान आहे हे तूच कळवलं होतंस. ती तुझा पत्ता सांगेल. मी तुला तार करीन, तू उलट तार कर, आणि मी ती आईच्या नाकाशी धरीन. तारेला साबणाचा वास नसला तरी सोलचा तरी येईल. चुनयांगवाली आईपाशी बसणार आहे. मी आजवर एक रात्रही या घराबाहेर काढलेली नाही. पिशवी कशी भरायची हेसुद्धा मला कळेना.

दोक्सुन


२४ डिसेंबर

ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे.

ओ क्यूमजाने मला दुकानाच्या दारात पाहिलं आणि विचारायच्या आधीच तिच्या हातातला लोकरीचा गुंडा खाली पडला. तिला फोनवर कळलं होतं. आम्हाला लिहायला रोज बसायची आणि रोज उठायची, म्हणाली.

तुझ्या पोटात दुखणं होतं. उन्हाळ्यातच तुला कळलं होतं. म्हणून नोकरी सोडलीस, म्हणून घर सोडून हॉस्पिटलात गेलीस, या वेळी रोगी म्हणून. घशाखाली घास उतरेना, तेव्हा तू आम्हाला लिहिलंस की माझ्यासाठी भात ठेवू नका. तो तुझा निरोप होता. मी तो मासे तळता तळता वाचून दाखवला, आणि आम्ही दोघींनी तो टोमणा समजून घेतला.

क्यूमजा म्हणाली, शेवटी नुसतं पाणी जायचं तुला. तिथल्या डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता, तू जवळजवळ तीन काढलेस. त्यांना उलगडा होत नव्हता की तू कशावर जगते आहेस, अंगात जाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुझ्यापाशी बसणारी नर्स आपलीच मुलगी होती, जॉन्जूची. तिला तू म्हणायचीस, भूक नाही. म्हणायचीस, माझ्या पोटावर कोणीतरी काहीतरी गरम ठेवलंय, ते काढू नका.

मग सव्वीस नोव्हेंबरला, शनिवारी, तू गेलीस. रविवारी मी तुझा भात तोंडात घातला होता.

क्यूमजाने मला दोन दिवस ठेवून घेतलं. मी तिच्याकडे एक घास खाल्ला नाही, आणि नवल म्हणजे मला भूकही लागली नाही. बसमध्ये तर पोट भरल्यासारखं होतं, जिभेवर खरपूस भाताची चव घोळत होती. मी भेदरले. मला वाटलं, मीही आता तुमच्यातली झाले.

सर्वांत लहान दिवस होता तो, मी गावात उतरले तेव्हा उजेड जायला आला होता. सगळ्या दारांवर लाल पेजेचे शिंतोडे. आपल्या दाराला चुनयांगवालीने माझ्यामागे शिंपडलं असणार, कारण फळ्या खालपर्यंत ओल्या होत्या, कोणीतरी ते नुकतंच धुऊन काढलं होतं. आणि धुराड्यातून धूर येत होता.

मी धावत आत गेले. चुनयांगवाली दाराशी रडत बसलेली. म्हणाली, “मला हात लावू दिला नाही गं. रांगत रांगत गेली चुलीपाशी.”

आई चुलीला टेकून बसली होती, भाताचं भांडं पुढ्यात. भांडं रिकामं होतं. मी ओरडले, “किती खाल्लंस? खरं सांग, किती खाल्लंस?”

“खरवडीचं पाणी,” ती म्हणाली. “दोन पळ्या. काल दोन, आज दोन. भात शिजला की नाही ते चाखल्याशिवाय कसं कळणार?”

भांड्याच्या तळाला चिकटलेली खरवड तिने पाण्याने सोडवली होती आणि ते पाणी प्यायली होती. डॉक्टरने मला घोकायला लावलं होतं ते हेच, आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

तिने बोटाने खोलीकडे दाखवलं. चुलीकडच्या बाजूला, रजईखाली, दोन वाडगे होते. एक तुझा. दुसरा माझा, कड चेपलेला, रोजचा.

“तू बाहेर होतीस ना,” आई म्हणाली. “घरचं माणूस बाहेर गेलं की भात ठेवावा लागतो. आणि तो शिजवायला अंगात जोर लागतो.”

मी विचारलं, ताईचं तुला कळलं आहे का. तिने मानेने हो म्हटलं. कधी कळलं? साबणाचा वास आला तेव्हा, त्या शनिवारी. मग तेव्हाच का नाही जेवलीस, मला का जाळत बसलीस?

“मीच पाठवलं ना तिला त्या पंगतीला,” ती म्हणाली. “एकटी कशी बसवू? ती नाही खात, मी नाही खात, अशा बसलो होतो दोघी. मग तू गेलीस. परवा संध्याकाळी मला म्हणाली, आई, दोक्सुन उपाशी आहे.”

ताई, हे तू म्हणालीस की आईच्या उपाशी मेंदूने तिला ऐकवलं, मला माहीत नाही. प्यो डॉक्टरकडे त्याला काहीतरी नाव असेल. पण मी सोलमध्ये उपाशी आहे हे या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी माझा वाडगा पुढे ओढला. झाकण काढायची हिंमत होईना. चव नसली तर काय, हाच विचार. आई बघत होती. मी एक घास घेतला. गोड होता. इतका गोड भात मी आयुष्यात खाल्लेला नाही. मी रडत रडत सगळा संपवला, तळापर्यंत. तुझ्या वाडग्यातलाही एक घास घेतला, तो बेचव होता. म्हणजे तू होतीस तिथे. त्या संध्याकाळी आपण तिघी बसून जेवलो म्हणायचं.

आता आई दर दोन तासांनी चमचाभर पेज घेते आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर खेकसते. तिच्या श्वासाला वास येत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला येतो तेवढाच. डॉक्टर म्हणतो अजून खात्री नाही, हृदय अशक्त आहे, पण रोज येतो आणि रोज दारातच सांगतो की मी जेवून आलो आहे. मी चुलीकडच्या बाजूला झोपते. आईनेच तशी गादी घातली.

हे पत्र जपून ठेवते. पुढच्या वर्षी तुझा दिवस येईल तेव्हा श्राद्धाला लिहितात त्या तुझ्या नावाच्या कागदाबरोबर ते अंगणात जाळीन, म्हणजे तुला पोचेल. तू लिहिलं होतंस भात ठेवत जाऊ नका. ते आम्ही ऐकणार नाही. पण आता रोज नाही ठेवणार, वर्षातून एकदाच ठेवू. दार किलकिलं असेल, त्यावर लाल काही नसेल. झाकण मी काढीन. चमचा आईच रोवेल, आणि या वेळी रागाने नाही.

पोटभर जेवून जा.

दोक्सुन